पोलंडमधले किल्ले आणि राजवाडे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी व्रोत्सवाफला राहायला आल्यापासून उन्हाळा सुरू झाला की घरी पाहुण्यांची रीघ लागते. कुणाचे आईबाबा, कुणी कॉलेजचे मित्र, कुणी मावसभावाचा साडू. सगळ्यांचा प्रश्न एकच: "एका दिवसात किती किल्ले होतील?" उत्तरही एकच: एक.

गड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चढण, बुरूज, पाण्याची टाकी आणि माथ्यावरचा वारा येतो. पोलंडमधल्या बहुतेक किल्ल्यांत चढण नावापुरतीच. तिथे असतात ठरलेल्या वेळेची तिकिटं, दोरी लावून आखलेला मार्ग आणि किल्ला बंद व्हायच्या तासभर आधीच मिटणारी तिकीटखिडकी. हे तंत्र समजलं नाही तर माणूस दारापर्यंत जाऊन अंगण बघून परत येतो. तसं होऊ नये म्हणून हा लेख.

१. आधी ठरवा, नेमकं काय बघायचंय

किल्ला म्हणून तिथे तीन वेगवेगळ्या गोष्टी दाखवल्या जातात.

पहिली, पडझड झालेले. १६५५ मध्ये स्वीडनने पोलंडवर स्वारी केली आणि त्या काही वर्षांत देशभरचे किल्ले लुटले, जाळले. उयाज्द गावचा क्शिश्तोपुर त्यातलाच. क्शिश्तोफ ओसोलिन्स्की या सरदाराने तो १६४४ मध्ये बांधून पुरा केला. वर्षाच्या दिवसांइतक्या खिडक्या, आठवड्यांइतक्या खोल्या, महिन्यांइतकी दालनं आणि ऋतूंइतके बुरूज, अशी त्याची आख्यायिका सांगतात. जेमतेम अकरा वर्षांत स्वीडिश फौज आली. आज छप्पर नाही, भिंती मात्र भव्य आहेत. क्राकुफ ते चेन्स्तोखोवा या पट्ट्यात चुनखडीच्या सुळक्यांवर 'गरुडांची घरटी' नावाची किल्ल्यांची माळ आहे. त्यातले बरेच चौदाव्या शतकात राजा काझीमेझ याने सरहद्द राखायला बांधले. ओग्रोजेन्येत्स हा त्यातला सर्वांत मोठा पडका किल्ला. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी इथे एक दिवस जरूर द्यावा. पायांना जरा तरी काम मिळतं.

दुसरी, पाडलेले आणि पुन्हा उभारलेले. वॉर्साचा राजकिल्ला संपूर्ण याच जातीचा. उत्तरेतला माल्बोर्कचा किल्लाही १९४५ च्या लढाईत जवळजवळ अर्धा कोसळला होता.

तिसरी, आतल्या सामानासकट वाचलेले राजवाडे. दक्षिणेतलं प्श्चिना आणि आग्नेयेतलं वांत्सुत ही त्याची उत्तम उदाहरणं. वांत्सुतचा शेवटचा मालक आल्फ्रेड पोतोत्स्की १९४४ मध्ये रेल्वेचे डबे भरून मौल्यवान वस्तू घेऊन गेला, तरीही जे मागे राहिलं ते बघायला अर्धा दिवस पुरत नाही. तिथला जुन्या बग्ग्यांचा संग्रह चुकवू नका.

प्रत्येक प्रकारातला एक निवडा. एकाच जातीचे तीन बघितले तर तिसऱ्यात तुमचं लक्ष भिंतीवर कमी आणि बाकावर जास्त जाईल.

२. कागदपत्रं आणि सोबत न्यायच्या वस्तू

भारतातून येणार असाल तर शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. प्राग-व्हिएन्ना-क्राकुफ असा बेत असेल तर रात्री नीट मोजा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो. पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं कठीण, म्हणून निदान तीन महिने आधी हालचाल करा.

- पासपोर्ट: गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला
- परतीचं तिकीट, हॉटेलची आरक्षणं, बँकेचा तपशील
- विद्यार्थी किंवा ज्येष्ठ नागरिक असाल तर तसं ओळखपत्र. सवलतीच्या अटी प्रत्येक संग्रहालयाच्या वेगळ्या असतात
- मऊ तळव्यांचे बूट. पाठीवर लहान पिशवी, मोठी नको
- मे महिन्यातसुद्धा एक पातळ स्वेटर, कारण जाड विटांच्या खोल्या आतून गार असतात
- तारेचे इअरफोन. ऑडिओ गाइडला काही ठिकाणी उपयोगी पडतात

चलन झ्वोती. युरो इथे चालत नाही, हे विमानतळावर उतरल्यावर कळणारे लोक मी पाहिले आहेत. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण स्वच्छतागृह आणि सामानाच्या कपाटासाठी थोडी नाणी ठेवा. एटीएमने "रक्कम रुपयांत वळवू का?" असं विचारलं की नाही म्हणायचं आणि झ्वोतीतच पैसे काढायचे. रुपयांतला तो दर कायम महागात पडतो.

३. वार आणि महिना

सोमवार हा पोलंडमधल्या संग्रहालयांचा सुट्टीचा वार. सगळीच बंद नसतात, पण उघडी असतात त्यांतही बहुधा अर्धीच दालनं खुली असतात. सोमवार प्रवासाला ठेवा.

कायद्याने प्रत्येक संग्रहालयाला आठवड्यातून एक दिवस कायमस्वरूपी दालनांना मोफत प्रवेश द्यावा लागतो. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात त्या दिवशी प्रवेशिका मोजक्या असतात, काही मार्ग बंद असतात आणि रांग लांब असते. दोन दिवस हातात असतील तर मोफतच्या दिवशी जा. एकच असेल तर सरळ पैसे भरा.

नोव्हेंबरची गोष्ट मात्र वेगळी. 'मोफत नोव्हेंबर' या उपक्रमात वॉर्सामधले राजवाडे, क्राकुफचा वावेल किल्ला आणि आणखी काही राजनिवास महिनाभर तिकिटाशिवाय दाखवतात. गर्दीही बेताची असते. थंडी आणि चारच्या आत पडणारा अंधार सोसत असेल तर खर्च सांभाळणाऱ्यांना यासारखा महिना नाही. फक्त १ आणि ११ नोव्हेंबरला राष्ट्रीय सुट्टी असते, तेव्हाच्या वेळा आधी बघा.

टाळायचे दिवस: १ ते ३ मेचा आठवडा. दोन सुट्ट्यांना जोडून सगळा देश सहलीला निघतो. ईस्टर आणि नाताळ सोडूनच द्या.

४. तिकीट: वावेलवरून शिका

क्राकुफच्या वावेल टेकडीवरचं तिकिटांचं तंत्र समजलं की बाकी कुठेही अडचण येत नाही.

टेकडी आणि अंगण फुकट. इटालियन कारागिरांनी सोळाव्या शतकात उभारलेलं ते तीन मजली कमानींचं अंगण तिकिटाशिवाय निवांत बघता येतं. पण 'वावेलचं तिकीट' असं एकच तिकीट नसतं. किल्ल्याच्या मजल्यांची दालनं वेगळी, राजकोष वेगळा, शस्त्रागार वेगळं, तळघरं वेगळी. प्रत्येकाला स्वतंत्र तिकीट आणि बहुतेकांवर आत शिरायची वेळ छापलेली. वेळ चुकली की तिकीट वाया.

त्याच टेकडीवरचं कॅथेड्रल तर किल्ल्याच्या ताब्यातच नाही, ते चर्चचं. त्याची खिडकी वेगळी, वेळा वेगळ्या आणि रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना मज्जाव. पोलंडचे बहुतेक राजे तिथेच अभिषिक्त झाले आणि तिथेच पुरले गेले. त्या तिकिटात झिग्मुंट घंटेचा मनोरा धरलेला असतो. १५२० मध्ये ओतलेली ही प्रचंड घंटा मोठ्या सणांना आणि राष्ट्रीय प्रसंगीच वाजते. जिना लाकडी आणि अरुंद आहे. गुडघ्यांचा विचार करून चढा.

एकच तिकीट काढायचं असेल तर दुसऱ्या मजल्यावरच्या राजदालनांचं काढा. तिथल्या दरबारी दालनाच्या छतात लाकडात कोरलेले माणसांचे चेहरे बसवले आहेत. मूळचे १९४ होते, आता ३० उरलेत. एका बाईच्या तोंडावर पट्टी बांधलेली आहे, ती शोधा. याच किल्ल्यात राजा झिग्मुंट आउगुस्ट याने फ्लँडर्सहून विणून आणवलेल्या भित्तिपटांचा संग्रह आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन येण्यापूर्वी ते गुंडाळून बाहेर काढले, ते फिरत फिरत कॅनडात पोचले आणि १९६१ मध्ये परतले. युद्धाच्या काळात जर्मनांचा गव्हर्नर हान्स फ्रांक याने या किल्ल्यातच मुक्काम ठोकला होता. राजकोषात 'श्चेर्ब्येत्स' ही राज्याभिषेकाची तलवार आहे.

ड्रॅगनची गुहा उन्हाळी महिन्यांतच उघडी असते, आणि ती सगळ्यात शेवटी करा. वरून गोल जिन्याने खाली उतरायचं आणि थेट नदीकाठी बाहेर पडायचं, अशी ती एकतर्फी वाट आहे. मधेच केलीत तर टेकडी पुन्हा चढावी लागेल. बाहेर धातूचा ड्रॅगन थोड्या थोड्या वेळाने आग ओकतो. मुलं तिथून हलत नाहीत.

तिकीट संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. शोधल्यावर सगळ्यात वर येणारी दुकानं पुष्कळदा दलालांची असतात. तेच तिकीट दुप्पट भावात, वर 'रांग नाही' असं आमिष. उन्हाळ्यात वावेल आणि माल्बोर्कचं आरक्षण आधी करा. पडक्या किल्ल्यांना त्याची गरज नाही.

५. वॉर्सा: तीन राजवाडे, तीन वेगळे दिवस

इथला राजकिल्ला बघून पाहुणे हमखास म्हणतात, "हा तर नवा कोरा दिसतो." आहेच नवा. १९३९ मध्ये बॉम्ब पडले आणि वॉर्साच्या उठावानंतर १९४४ मध्ये जर्मनांनी सुरुंग लावून उरलेलं उडवलं. १९७१ मध्ये पुनर्बांधणीचा निर्णय झाला, लोकांनी वर्गणी दिली आणि १९८४ मध्ये दालनं उघडली. पहिल्या बॉम्बफेकीनंतर संग्रहालयाच्या माणसांनी जीव धोक्यात घालून दारं, चौकटी, कोरीवकाम, चित्रं काढून लपवून ठेवली होती. ती आज पुन्हा जागच्या जागी आहेत. म्हणून तिथे फिरताना नव्या भिंतीत जुना तुकडा कुठे बसवलाय ते शोधत फिरा. तसं बघितलं तरच हा किल्ला कळतो. काही दालनांत रंगांतला फरक डोळ्यांना सहज दिसतो. बेलोतो या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली शहराची चित्रं एका दालनात लावली आहेत. जुनं शहर परत बांधताना त्यांचा आधार घेतला गेला. इथेच ३ मे १७९१ ची राज्यघटना मंजूर झाली. आणि रेम्ब्रांची दोन चित्रंही इथे आहेत, फार लोकांना माहीत नसतं.

विलानुफ हा यान सोब्येस्कीचा राजवाडा. सोब्येस्कीची राजा म्हणून निवड मे १६७४ मध्ये झाली, रायगडावर शिवराज्याभिषेक त्यानंतर दोनच आठवड्यांनी. हा योगायोग मनात ठेवून गेलं की तिथला सतराव्या शतकाचा दिमाख वेगळाच भासतो. दुसऱ्या महायुद्धात इमारत वाचली. सामान लुटलं गेलं आणि बरंचसं परत आलं. १८०५ पासून तो लोकांसाठी खुला आहे. बागेचं तिकीट वेगळं असतं, तेही घ्या.

वाझेंकीमध्ये बागेला तिकीट नाही, तळ्यातल्या महालाला आहे. शेवटचा राजा स्तानिस्वाव आउगुस्ट याचं हे उन्हाळी घर. उन्हाळ्यात रविवारी दुपारी संगीतकार शोपँच्या पुतळ्यापाशी मोफत पियानोवादन असतं. गवतावर चादर पसरून बसा. मोर फिरत असतात, डबा सांभाळा.

राजकिल्ल्यापासून रमतगमत चालत क्राशिन्स्की बागेकडे जा. तिथे मोन्ते कासिनोच्या (दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीतल्या लढाईच्या) स्मारकाजवळ कोल्हापूरचं स्मारक आहे. युद्धात देशोधडीला लागलेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले, त्याची ती आठवण. कोल्हापूरच्या पाहुण्यांना मी राजवाड्याआधी तिकडेच नेतो.

६. माल्बोर्क

ट्यूटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने, नोगात नदीच्या काठी विटांनी रचलेलं हे अवाढव्य प्रकरण. १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. ग्दान्स्कहून रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं आणि स्टेशनवरून पायी पंधरा-वीस मिनिटं.

इथे वेळेचा हिशेब कडक ठेवा. मुख्य मार्गाला किमान साडेतीन तास लागतात, म्हणून सकाळचीच गाडी पकडा. ऑडिओ गाइड तिकिटातच येतो आणि तुम्ही कुठे उभे आहात ते ओळखून बोलतो; घाई करून पुढे पळालात तर गोंधळतो. सोमवारी आणि मोफत वेळेत बहुधा छोटा मार्ग असतो, त्यात आतली बरीच दालनं नाहीत. लांबून येऊन छोटा मार्ग घेण्यात अर्थ नाही.

काय बघायचं? जमिनीखालच्या भट्टीत दगड तापवून गरम हवा फरशीतल्या भोकांतून वर सोडायची सोय. मुख्य इमारतीपासून लांब, पुलावरून जावं लागणारा शौचालयाचा बुरूज. आणि ग्रँड मास्टरच्या, म्हणजे संघप्रमुखाच्या, उन्हाळी भोजनगृहात एकाच खांबावर पेललेलं छत. १४१० च्या वेढ्यात पोलिश तोफेने त्या खांबाचाच नेम धरला होता, तो थोडक्यात हुकला, अशी गोष्ट सांगतात. भिंतीत बसलेला दगडी गोळा दाखवतातही. तो वेढा फसला. किल्ला पोलंडला मिळाला १४५७ मध्ये, लढून नव्हे. सरदारांनी भाडोत्री सैनिकांचे पगार थकवले, सैनिकांनी तारण म्हणून हातात असलेला किल्ला पोलंडच्या राजाला विकून टाकला.

फोटो आतून काढत बसू नका. दर्शनी बाजू नदीपलीकडून दिसते. पादचारी पूल ओलांडा, संध्याकाळचं ऊन विटांवर पडतं तेव्हा.

७. क्शोंझ आणि प्श्चिना: एकाच घराण्याचे दोन वाडे

होखबेर्ग घराण्याकडे दोन्ही होते. वाउब्झिखजवळचा क्शोंझ दरीच्या कड्यावर, जंगलात. बाहेरून बघितला तर डोळे फिरतात. आत मात्र बऱ्याच खोल्या रिकाम्या आहेत. १९४० च्या दशकात नाझींनी तो जप्त केला, आतली सजावट तोडली आणि खाली बोगदे खणले. तिथे घराण्याच्या आचाऱ्याने, लुई आर्दुआँने, काढलेले जुने फोटो लावले आहेत. नोकर, पाहुणे, इंग्लंडहून लग्न होऊन आलेली प्रिन्सेस डेझी, सगळे त्यांत भेटतात. बोगद्यांची फेरी ठरावीक वेळी वाटाड्याबरोबरच होते, तिकीट वेगळं.

प्श्चिना त्याच्या उलट. बाहेरून शांत, आत आरसे, झुंबरं, शिकारीची शिंगं, सगळं जिथल्या तिथे. एकच निवडायचा तर मी प्श्चिना सांगेन. तरुण मंडळी क्शोंझला मत देतात. कातोवित्सेहून रेल्वे थेट जाते आणि स्टेशनवरून चालत पोचता येतं.

८. जायचं कसं

मोठ्या शहरांत रेल्वे उत्तम. जलद पेंडोलिनोला आरक्षण सक्तीचं. आरक्षणाशिवाय चढलात तर जादा पैसे भरावे लागतात. स्थानिक गाड्यांची तिकिटं कोलेओ या अ‍ॅपवर निघतात. एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही, हे लक्षात असू द्या. ओग्रोजेन्येत्सला झाव्येर्च्ये स्टेशनवरून बस आहे, पण परतीची शेवटची बस किती वाजता ते आधी बघा.

क्शिश्तोपुर किंवा येलेन्या गुरा खोऱ्यातले राजवाडे करायचे तर गाडी भाड्याने घ्या. त्या खोऱ्यात वोम्नित्सा, वोयानुफ अशा वाड्यांत मुक्कामही करता येतो. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. दिवसाढवळ्याही हेडलाइट चालू ठेवणं सक्तीचं आहे.

९. पाट्या

वेश्च्ये म्हणजे आत जायचा रस्ता, विश्च्ये बाहेरचा. कासा म्हणजे तिकीटखिडकी. श्यात्न्या म्हणजे कोट-पिशवी ठेवायची जागा. सांगितलं की ठेवायचीच, वाद घालू नका. न्येचिन्ने म्हणजे बंद. रोमन L हे अक्षर आडवी रेघ मारलेलं दिसलं तर 'व' वाचा. तळमजला मोजत नाहीत, आपल्यासारखंच. स्वच्छतागृहाच्या दारावर त्रिकोण म्हणजे पुरुष आणि वर्तुळ म्हणजे स्त्रिया.

१०. जेवण आणि आईबाबा

किल्ल्यातली उपाहारगृहं महाग आणि मांसाहारी. शहरात 'बार म्लेच्नी' शोधा, साधी स्वस्त खानावळ. शाकाहाऱ्यांनी प्येरोगी रुस्क्ये मागवावेत: करंजीसारखे उकडलेले, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. मागवतानाच "बेझ स्क्वारेक" म्हणा, नाहीतर वरून डुकराच्या चरबीचे तुकडे घालून देतात. झुरेक हे सूप शाकाहारी वाटतं, त्यात सॉसेज असतं. बहुतेक रविवारी मोठी दुकानं कायद्याने बंद असतात. डब्याचं सामान शनिवारीच आणा.

आईबाबा बरोबर असतील तर विलानुफ, वाझेंकी आणि प्श्चिना. सपाट बागा, भरपूर बाक. माल्बोर्कला गोटेरी फरशी आणि जिने फार आहेत. नेलंत तर त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका. ओग्रोजेन्येत्सला त्यांना खाली चहा घेत बसवा, तुम्ही तासाभरात वर जाऊन या.